मुंग्या तिच्याच गोधडीला

माझ्या धाकट्या बहिणीला अंथरूण ओलं केल्याबद्दल रोज सकाळी लाडू मिळायचा.

तिळाचा लाडू, गुळातला, वरून तुपाचा हात फिरवलेला. आत्या तो डब्यातून काढायची, चारूच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, “खा माझी बाय. अंगात ऊब धरली की आपोआप थांबतंय.”

मी तोंडात मंजन घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर उभी. “आणि मला?”

“तुला कशाला? तू काय मुततीस?”

“नाही.”

“मग?”

मी नऊ वर्षांची होते. कळायला लागल्यापासून अंथरूण कोरडं ठेवत आले होते आणि त्याबद्दल कुणी मला कधी शेंगदाणासुद्धा दिला नव्हता. चारू सहा वर्षांची. ती लाडू खायची तेही माझ्याकडे बघत बघत, कडेकडेनं कुरतडत, म्हणजे जास्त वेळ पुरावा. शेवटचा तुकडा मला द्यायची. मी तो घेत नसे. भीक घ्यायला मी काय रस्त्यावर पडले होते?

आम्ही तेव्हा साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आबा कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे त्यांचं काम. गळीत हंगाम सुरू झाला की आबा घरात नावालाच. हवेत मळीचा आंबूस वास, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, आणि जिकडेतिकडे मुंग्या. देवघरात मुंग्या, दप्तरात मुंग्या, आबांनी खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यावर मुंग्या. नवीन बिऱ्हाड राहायला आलं की पहिले काही दिवस मुंग्यांच्या नावानं बोंब मारायचं, मग गप्प व्हायचं. आमची आई तर केस मागं सारावेत तशा मुंग्या झटकायची, त्यांच्याकडे न बघता.

दोन खोल्यांचं क्वार्टर. निजताना मधे आई, एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला चारू, अशी आमची वाटणी होती. चारू जन्माला येण्यापूर्वी आईच्या दोन्ही बाजू माझ्याच होत्या, हे मी विसरले नव्हते. पण चालवून घेतलं होतं.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर चारूला ताप आला. ताप गेला, आणि थोड्याच दिवसांत तिचं अंथरूण ओलं व्हायला लागलं. तीन वर्षांची झाल्यापासून ती कोरडी होती, त्यामुळे सगळ्यांना नवल वाटलं. आबा म्हणाले, तापात घाबरली असेल. शेजारच्या कुंभारकाकू म्हणाल्या, जंत झालेत, रात्री दात खाते का बघा. आत्या म्हणाली, अंगात थंडी भरलीय, तीळगूळ द्या. आत्या म्हणजे आबांची मोठी बहीण. हंगामात आईच्या मदतीला म्हणून गावाहून यायची आणि आल्या दिवसापासून घर ताब्यात घ्यायची. आईचं तिच्यापुढे चालत नसे, आणि खरं सांगायचं तर आईला त्या दिवसांत चालवायची ताकदही नव्हती. रोजच्या त्या गोधड्या, तो वास, त्या बादल्या.

झालं काय, की चारूखाली मेणकापड आलं, मेणकापडाला जागा लागली, रात्रीतून तिला उठवायचं म्हणून आई तिच्याकडे तोंड करून निजायला लागली, आणि माझी रवानगी आत्याच्या अंथरुणात झाली. आत्या घोरायची. शिवाय तिला तपकिरीचा वास यायचा.

“मला तुझ्याकडे निजायचंय,” मी आईला म्हटलं.

“अगं, तू शहाणी माझी. तुला कळतंय ना, तिला बरं नाही.”

“काय होतंय तिला?”

“काही नाही गं. सवय लागलीय. जाईल.”

म्हणजे बघा. काही होत नाही, तरी तिला बरं नाही. शहाणी असण्याचा तोटा मला त्या दिवशी कळला.

त्यानंतर मी चारूवर नजर ठेवायला लागले. कामधंदा सोडून, शाळेतसुद्धा, अगदी पोलिसासारखी. तिला काय काय जास्त मिळतं, ते सगळं मला पाठ होतं. तिला आबांचा पितळी तांब्या मिळायचा, एकटीला. तो रिकामा झाला की परत भरून. ती भाकरी माझ्याएवढी खायची, कधी माझ्याहून जास्त, आणि वर “अजून भूक आहे” म्हणायची. मी तसं म्हटलं असतं तर “तुझं पोट आहे का रांजण” असं ऐकून घेतलं असतं. ती शाळेतून येताना दमली म्हणून आबांनी एकदा तिला खांद्यावर घेतलं. अभ्यासाला बसली की पेंगायची, तर आई म्हणायची, “राहू दे तिचं, लहान आहे.” शाळेत आमचे वर्ग एकाच खोलीत, एकाच बाईंकडे; ती सारखी बाहेर जायला मागायची आणि बाई सोडायच्या. मी एकदा हात वर केला तर बाई म्हणाल्या, “वैजयंता, मधली सुट्टी आत्ताच झाली ना?”

संक्रांतीला दोघींना एकसारखे काळे झगे शिवायचे होते. आईनं आधीचे झगे मापाला काढले. चारूचा झगा तिच्या अंगात नुसता लोंबत होता. आई टाचण्या लावत म्हणाली, “वन्सं, बघा की, ही कशी काडी झालीय.”

“उंची घेतीय ती,” आत्या म्हणाली. “ह्या वयात पोरी अशाच सुटतात. आमची लेक पण अशीच होती.”

मग माझी पाळी. आईनं माझ्या झग्याच्या काखेत बोट घालून पाहिलं. “हिच्या शिवणी आता किती उसवू? आत कापडच राहिलं नाही.”

“हिला लागलंय कारखान्याचं पाणी,” आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. चारूपण हसली. चारूची कॉलरबोन दिसत होती, गळ्याशी दोन नाजूक खळगे. वसाहतीतल्या सगळ्यांत गोऱ्या, सगळ्यांत बारीक इंजिनिअरीणबाईंना तसे खळगे होते. मी न्हाणीत जाऊन माझा गळा दाबून पाहिला. काही नाही. सगळं भरीव.

आणखी एक. चारूच्या तोंडाला हल्ली वास यायचा. घाण नाही, गोडसर, फार पिकलेल्या केळ्यासारखा. मी तिला गच्च धरून तिचं तोंड हुंगलं.

“केळं कुणी दिलं तुला?”

“कुणी नाही.”

“खोटं बोलू नको.”

“देवाशप्पथ ताई.”

माझा विश्वास बसला नाही. आई तिला चोरून केळी चारते, अशी माझी खात्रीच पटली. ते माझ्या फार जिवाला लागलं. लाडू निदान समोरासमोर तरी मिळत होता.

तेव्हा मी ठरवलं. आता जे सांगते त्याला हसायचं असेल तर हसा, पण जागेपणी अंथरुणात करणं ही सोपी गोष्ट नाही. तुम्ही करून बघा. पहाटे आत्या बंब पेटवायला उठली की मी एकटी असायची. मी डोळे मिटले, मोरी आठवली, नळ आठवला, कारखान्यामागचा कालवा आठवला. अंग काही केल्या ऐकेना. त्याला जन्मभर जे शिकवलं होतं, त्याच्या उलट वागायला ते तयारच होईना. कितीतरी वेळ मी लाकडासारखी पडून होते. आणि शेवटी जमलं तेव्हा इतका आनंद झाला की मी ओरडलेच, “आई! माझी पण झाली!”

हीच चूक झाली. चारू कधी ओरडत नसे. ती उठून भिंतीकडे तोंड करून बसायची.

आई आली. गोधडी बघितली, मला बघितलं. “वैजू? तू? एवढी घोडी झालीस आणि?”

“मला बरं नाही,” मी म्हटलं.

“काय होतंय?”

“काही नाही. सवय लागलीय.”

आईनं कपाळावर हात मारून घेतला. मी मंजन लावून, तोंड धुऊन, पदर खोचलेल्या आत्यासमोर जाऊन तळहात पुढे केला. आत्यानं डब्याला हातसुद्धा लावला नाही. “तुला तीळ नकोत, तुझ्या अंगात आधीच उष्णता. हिला काडेचिराईत उकळून दे गं, वाटीभर. आणि गोधडी हिची हिलाच वाळत घालू दे.”

काडेचिराईत ज्यांनी प्यायलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी प्यायलं नाही त्यांनी निंबोळी चावून पस्तावावं.

रोज धुवायला गोधडी म्हणजे काही पंचा नव्हे. ओला कोपरा आई पाण्याच्या हातानं पुसायची आणि गोधडी अंगणातल्या बुटक्या भिंतीवर टाकायची. त्या दिवशी भिंतीवर दोन गोधड्या आल्या, शेजारी शेजारी. कुंभारकाकू त्यांच्या दारातून म्हणाल्या, “काय गं वैजू, तू पण? घरात साथ आलीय वाटतं!” शाळेला जायला वेळ होता. मी भिंतीवर चढून दोन्ही गोधड्यांच्या मधे बसले, पाय हलवत, तोंडातला कडूपणा थुंकत.

तेव्हा मला मुंग्या दिसल्या. खालून भिंतीच्या चिरेतून रांग निघाली होती, माझ्या गोधडीच्या कडेनं गेली होती आणि थेट चारूच्या ओल्या कोपऱ्यावर जाऊन काळी झाली होती. माझ्या कोपऱ्यावर एकही नाही. मी एक मुंगी काडीवर घेऊन माझ्या गोधडीवर ठेवली. ती गोल फिरली, थांबली, आणि चालत परत तिकडेच गेली.

दुसऱ्या पहाटे मी पुन्हा केलं. पुन्हा काढा प्याले. पुन्हा भिंतीवर बसून बघितलं. तेच. मग मोरीत बघितलं: चारू जाऊन आली की तिथेही मुंग्या, मी जाऊन आले की काही नाही. ज्या मुंग्या आबांच्या सदऱ्याला लागत होत्या, कुंभारकाकूंच्या चपलेलासुद्धा लागत होत्या, त्या मला मात्र चुकवून जात होत्या.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? मुंग्यासुद्धा मला विचारत नाहीत म्हणून?

लाडवांनी थांबेना तेव्हा आत्यानं दुसरा उपाय काढला. दिवे लागले की चारूला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पितळी तांब्या वर फळीवर गेला. मला आधी बरं वाटलं, हे कबूल. पण संध्याकाळपासून चारू जे सुरू व्हायची, “पाणी दे, थोडंच दे, जीभ बुडवते नुसती,” ते ऐकवत नसे. आई स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटत राहायची. एकदा आई उठलीही तांब्या काढायला. आत्या म्हणाली, “दे. तू दे, आणि उद्या तूच धू.” आई खाली बसली.

आणि मग तो रविवार. सकाळी चारूनं लाडू खाल्ला नाही. माझ्या हातात ठेवला, अख्खा. मी बघतच राहिले. तिला ओकारी झाली, पोट दुखतंय म्हणाली. आत्या म्हणाली, तिळानं पित्त झालं, लंघन घाला, पाणीही बेतानं द्या. दुपारी सगळे जरा पडले होते. मी न्हाणीमागं गेले तर तिथल्या हौदाच्या कडेवर पोट टाकून, डोकं आत घालून, चारू हौदातलं पाणी पीत होती. कपडे भिजवायचा तो हौद, हिरव्या शेवाळाचा. जनावरासारखी, तोंडानंच पीत होती.

मी धावत आत गेले. चुगली करायला. “आई, बघ, ती हौदातलं पाणी पितीय! आत्यानं नको म्हटलंय तरी!”

आई आली ती हातात उलथनं घेऊन. मला वाटलं, आता बसणार. आईनं तिला मागून धरून वर उचललं, आणि उचलता उचलता तिचा तोल गेला. जड माणसाला उचलायला जावं आणि हाताला रिकामी पाटी लागावी, तसं झालं. चारूनं मान आईच्या खांद्यावर टाकली. ती भराभरा, खोल श्वास घेत होती, लांबून पळत आल्यासारखी. आईनं उलथनं टाकून दिलं. मग म्हणाली, “वन्सं, मी हिला तालुक्याला डॉक्टरकडे नेतेय.”

“आज रविवार. आणि ह्याच्यासाठी डॉक्टर? लोक हसतील. पोरं मुततातच.”

“हसू देत.”

आईनं तिला शालीत गुंडाळली, पायांत चपला सरकवल्या. मी दारात आडवी उभी. “मी पण येणार.”

“वैजू, आत्ता नको हं.”

“मी पण मुतते! मलापण दाखव!” आणि मी जे भोकाड पसरलं, ते सगळ्या वसाहतीनं ऐकलं असेल. आईकडे भांडायला वेळ नव्हता. “चल बाई,” ती म्हणाली, “तुलापण दाखवते.”

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणजे शिराळकरबाई, लहान मुलांच्या. घरातच दवाखाना. जेवून उठल्या होत्या. चारूला टेबलावर निजवून त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, चिमटीत कातडी धरून सोडली. मला स्टुलावर बसवलं होतं.

“काय होतंय?”

“रात्रीचं अंथरूण ओलं करते,” आई म्हणाली. “दोघी करतात.”

“ही पहिल्यापासून?”

“छे हो. मधे चांगली कोरडी होती. दिवाळीनंतर सुरू झालं. जंताचं औषध दिलं, तिळाचे लाडू दिले...”

“पहिल्यापासून होत असेल तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं,” बाई म्हणाल्या. “गाढ झोप असते, घराण्यात असतं, कधी पोट साफ नसतं. वाढता वाढता जातं. पण मधे थांबून पुन्हा सुरू झालं की बघावं लागतं. लघवीला जळजळ? नाही? पाणी किती पिते?”

आई गोंधळली. “पिते... पोरं पितात तेवढं. हल्ली संध्याकाळचं बंदच केलंय.”

“भूक? वजन?”

“भूक आहे की. उंची घेतेय जरा.”

आता मात्र माझ्यानं राहवेना. किती दिवसांचं साठलं होतं. “खोटं!” मी स्टुलावरून खाली उतरले. “आई काही सांगतच नाही! हिला एकटीला आबांचा तांब्या, तो संपला की परत, आणि परत. आत्ता हौदातलं पाणी प्याली. माझी भाकरी पण हीच खाते, तरी बारीक हीच होते, हिचा झगा आत घेतला आणि माझा उसवला. हिला शाळेत दर तासाला बाहेर सोडतात. हिला अभ्यास नाही. हिला चोरून केळी देतात, तोंडाला वास येतो, हुंगून बघा तुम्ही! आणि मी पण गोधडी ओली केली, दोनदा केली, तर मला काढा! मुंग्यासुद्धा तिच्याच गोधडीला लागतात!”

“वैजू!” आई म्हणाली. तिचं तोंड लाल झालं होतं. “ऐकू नका हो हिचं. आमच्याकडे कारखान्यामुळे मुंग्या असतातच.”

शिराळकरबाईंनी आईकडे बघितलंच नाही. त्या माझ्यापुढे वाकल्या. “तुझ्या गोधडीला लागत नाहीत?”

“नाही. एकपण नाही. मी उचलून ठेवली तरी निघून गेली.”

“आणि मोरीत?”

“तिथं पण तिलाच.”

बाई वळल्या, चारूच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुंगून पाहिलं. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, “केळी कुणी दिली नाहीत हिला.” त्यांनी दोन बाटल्या काढल्या. “दोघी आल्याच आहेत तर दोघींची तपासू. आणि हिला आधी पाणी द्या. मागेल तेवढं.”

चारू ग्लासावर ग्लास पाणी प्याली. मलाही तहान लागली होती, पण मला कुणी विचारलं नाही.

बाईंनी स्पिरिटचा दिवा लावला. काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, चारूच्या बाटलीतले थोडे थेंब त्यात सोडले आणि नळी ज्योतीवर धरली. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी. निळं हललं, हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. पिवळ्यात तळातून शेंदरी चढत आलं, आणि बघता बघता सगळी नळी भाजलेल्या विटेसारखी लालभडक झाली. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. चारूनंही मान वळवून बघितलं.

“आता माझी,” मी म्हटलं.

दुसरी नळी. तेच निळं. माझे थेंब. ज्योत. निळं उकळलं, बुडबुडे आले, वाफ आली, आणि निळंच राहिलं.

“अजून तापवा ना,” मी म्हटलं.

“कितीही तापवलं तरी हे निळंच राहणार, बाळ.”

“का पण?”

बाईंनी दिवा विझवला आणि आईला सांगायला सुरुवात केली. रक्तातली साखर. मधुमेह ह्या वयातसुद्धा होतो, अचानक होतो. साखर बाहेर टाकायला शरीर पाणी ओढतं, म्हणून तहान, म्हणून ओली अंथरुणं. कुणाच्या खाण्यानं होत नाही. आता वेळ घालवायचा नाही, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्यायचं, मी कारखान्याला फोन करते, जीप मागवते. आई मान डोलावत ऐकत होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिनं लाल नळीकडे बघितलं तेव्हाही नव्हतं.

शेवटी तिनं निळ्या नळीकडे बोट केलं. “आणि ही?”

“ही ठणठणीत आहे. हिला काहीही झालेलं नाही.”

तेव्हा आई माझ्या रिकाम्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. माझं मनगट धरून, अगदी हमसून हमसून. मी आपली बांगड्या रुतत होत्या त्या सहन करत उभी. मला वाटलं, आता उघडं पडलं सगळं, मी मुद्दाम केलं ते. घरी गेल्यावर मार आहे.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. चारू वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती, घरी आली ती इन्सुलिन घेऊन. आई रोज सुया उकळायची, आणि मांडीवर टोचून घ्यायला चारू आठ वर्षांची असतानाच शिकली. आज ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिच्या आवाजानं व्हरांडा गप्प होतो. आत्याला डॉक्टरांनी, आबांनी, खुद्द चारूनं कितीदा सांगितलं की लाडवांनी काही झालं नव्हतं, तरी तिनं नंतर कधी तीळ भाजले नाहीत. चारू संक्रांतीला तिच्या पाया पडायला गेली की ती नुसती तिचे हात धरून बसायची.

आणि माझा मत्सर? तो काही त्या रविवारी संपला नाही. उलट आता त्याला बारा महिने तेरा काळ काम मिळालं. तिचं जेवण घड्याळावर, तिची सुई, तिच्यासाठी आईनं पर्समध्ये ठेवलेली खडीसाखर, तिला चक्कर आली की घरभर धावपळ. मी दहावीला केंद्रात पहिली आले त्या दिवशीसुद्धा चारूची साखर उतरली होती. अजूनही आईचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न तिचाच असतो. पण हे सगळं लिहायला बसले की मला दवाखाना आठवत नाही, सुयाही आठवत नाहीत. आठवते ती जीप.

जीप आली तेव्हा उन्हं उतरत होती. आबा ड्रायव्हरशेजारी बसले होते, कामावरून तसेच आलेले. आई मागे बसली, चारूला मांडीवर घेतलं. मी पायरीवर उभी. आत्या घरी होती, मला वाटेत वसाहतीत सोडायचं असं चाललं होतं. मला ते अपेक्षितच होतं.

शिराळकरबाई चिठ्ठी देत आईला म्हणाल्या, “तिथले डॉक्टर विचारतील, कधीपासून, किती वेळा, काय खाल्लं, काय प्यायली. नीट सांगा.”

आईनं चिठ्ठी घेतली. बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला कुठं काय माहिती आहे,” ती म्हणाली. “हिला माहिती आहे. वैजू, चढ वर.”

मी चढले. आईच्या एका बाजूला बसले. चारूचे पाय माझ्या मांडीवर आले, काटक्यांसारखे. दुतर्फा उसाच्या गाड्या लागल्या होत्या, जीप सारखी हॉर्न देत होती. आई मधूनमधून चारूच्या नाकाशी बोट धरून बघत होती. मीही बघत होते. सवयच लागली होती मला, तिच्याकडे बघायची.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर चारूनं डोळे उघडले. “ताई.”

“काय?”

“माझं लाल झालं.”

“बघितलं मी.”

“तुझं?”

“निळंच राहिलं.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग शालीतून तिचा हात बाहेर आला, चाचपडत माझ्या गुडघ्यावर येऊन थांबला आणि तिनं दोनदा थोपटलं, आई थोपटते तसं.

“रडू नको हं,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी तुझं पण होईल.”

आईनं एका हातानं तिचं तोंड झाकलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या मानेला धरून मला असं ओढलं की माझं कपाळ तिच्या गळ्याच्या हाडावर आपटलं. “नको,” ती माझ्या केसांत म्हणत होती, “नको गं बाई, नको, नको.” हात सैल सोडेचना. मान अवघडली, मंगळसूत्र गालात रुतलं. पण दवाखाना येईपर्यंत मी हलले नाही.